व्हॅलग्रिंडखाली टेस्ट टाइमआउट होतात तेव्हा: आकडा वाढवण्याआधी काय करायचं आणि कोणत्या क्रमाने

"ताई, टाइमआउट काढूनच टाकला. आता एकही टेस्ट लाल नाही." अंधेरीच्या आमच्या ऑफिसात एका नव्या मुलाने शुक्रवारी संध्याकाळी मला हे सांगितलं. सोमवारी सकाळी आलो तेव्हा ती रन अजून चालूच होती. एक टेस्ट डेडलॉकमध्ये (थ्रेड एकमेकांची वाट बघत कायमचे थांबतात तसं) अडकली होती आणि शनिवार-रविवार मशीन अडवून बसली होती. लाल काही नव्हतं हे खरं, पण निकालही नव्हता.

हीच चूक दुसऱ्या रूपात रोज दिसते. कोणी 5 सेकंदांचे 10 करतं, पुढच्या आठवड्यात दुसरं कोणी 10 चे 60 करतं, आणि वर्षभरात कोणता आकडा कशासाठी आहे ते कोणालाच सांगता येत नाही. टाइमआउटचं काम एकच असतं: हळू चाललेली टेस्ट आणि अडकलेली टेस्ट यांतला फरक ओळखणं. खालची प्रत्येक पायरी तो फरक टिकवण्यासाठी आहे. उदाहरणं सी++ आणि व्हॅलग्रिंडची घेतली आहेत. व्हॅलग्रिंड हे चालत्या प्रोग्राममधल्या मेमरीच्या चुका शोधणारं टूल, आणि त्याखाली प्रोग्राम बराच हळू चालतो. पण सॅनिटायझर (बिल्डमध्येच घातलेली चुकांची तपासणी), क्यूएमू (दुसऱ्या मशीनची नक्कल करणारा प्रोग्राम) किंवा जुनाट लॅपटॉप असला तरी क्रम हाच.

टप्पा 1: टेस्ट हळू आहे की अडकली आहे, ते आधी ठरवा

टाइमआउट झाला की हात थेट आकड्याकडे जातो. थांबा. ती एक टेस्ट एकटी, रनरशिवाय (सगळ्या टेस्ट चालवणाऱ्या प्रोग्रामशिवाय), त्याच टूलखाली चालवा आणि दुसऱ्या टर्मिनलमध्ये 'टॉप' उघडा.

सीपीयू एका कोरवर जवळपास 100 टक्के असेल तर टेस्ट बहुधा हळू आहे. सीपीयू शून्याच्या आसपास असेल तर ती कशाची तरी वाट बघते आहे, आणि मग मर्यादा दहापट केली तरी ती दहापट वेळ वाटच बघेल. पण 100 टक्क्यांवरही लगेच विश्वास ठेवू नका, कारण एखादा थ्रेड लूपमध्ये गरगर फिरत असला तरी सीपीयू तसाच दिसतो. म्हणून 30 सेकंदांच्या अंतराने दोनदा सगळ्या थ्रेडचे स्टॅक (कोणत्या फंक्शनमधून कोणतं फंक्शन चालू आहे त्याची यादी) घ्या. स्टॅक पुढे सरकले असतील तर टेस्ट हळू आहे. दोन्ही वेळा त्याच ओळी दिसल्या तर बग शोधायला घ्या, टाइमआउटला हात लावू नका.

सावध: व्हॅलग्रिंडखाली चाललेल्या प्रोसेसला जीडीबी हा डीबगर सरळ जोडलात तर तुमच्या प्रोग्रामचा स्टॅक दिसत नाही, व्हॅलग्रिंडचं स्वतःचं पोट दिसतं. त्यासाठी व्हॅलग्रिंडसोबत येणारा 'व्हीजीडीबी' वापरा. त्याला 'व्ही डॉट इन्फो शेड्यूलर' ही आज्ञा दिली की व्हॅलग्रिंडला माहीत असलेल्या सगळ्या थ्रेडची स्थिती आणि स्टॅक मिळतात, प्रोग्राम न थांबवता.

आणखी एक कारण इथेच तपासून घ्या. व्हॅलग्रिंड एका वेळी एकच थ्रेड चालवतं, मशीनमध्ये कितीही कोर असले तरी. रविवारच्या मेगाब्लॉकला फास्ट गाड्या स्लो ट्रॅकवर वळवतात तेव्हा जे होतं तेच: गाड्या तेवढ्याच, पण रूळ एक. नेहमी आठ कोर भरून चालणाऱ्या प्रोग्रामला त्यामुळे दुहेरी फटका बसतो, टूलचा मंदपणा आणि शिवाय हातचं गेलेलं समांतर काम. त्यातच एखादा थ्रेड फ्लॅग बदलण्याची वाट बघत लूपमध्ये फिरत असेल, तर तो आपली पाळी पूर्ण वापरतो आणि ज्याने फ्लॅग बदलायचा तो थ्रेड ताटकळतो. व्हॅलग्रिंडचा 'फेअर-शेड' ऑप्शन चालू करून बघा. टेस्ट एकदम सुटली तर दुखणं तिथेच आहे, आणि खरा उपाय म्हणजे तो लूप काढून कंडिशन व्हेरिएबल (खूण मिळेपर्यंत थ्रेडला झोपवणारी सोय) वापरणं.

टप्पा 2: मंदपणा मोजा, अंदाजाने ठरवू नका

ढोबळ कल्पना हवी म्हणून: व्हॅलग्रिंडचं मेमचेक (त्यातलं मेमरी तपासणारं टूल) प्रोग्राम साधारण 10 ते 30 पट हळू करतं. अ‍ॅड्रेस सॅनिटायझर साधारण 2 पट, मेमरी सॅनिटायझर 3 पट, थ्रेड सॅनिटायझर 5 ते 15 पट. गो भाषेच्या रेस डिटेक्टरसाठी (थ्रेडमधल्या शर्यती शोधणारं टूल) 2 ते 20 पट धरतात. पट्टे इतके रुंद आहेत की तुमच्या कोडचा आकडा तुम्हालाच काढावा लागेल.

मोजण्यापूर्वी बिल्ड ठीक करा. डीबग माहिती हवीच, पण ऑप्टिमायझेशन पूर्ण बंद ठेवलं तर मेमचेकखाली उगाच वेळ जातो. पहिली पातळी, म्हणजे ओ-1, चांगली चालते. ओ-2 आणि त्यावर कधी कधी न भरलेल्या मेमरीबद्दल खोट्या तक्रारी येतात. अ‍ॅड्रेस सॅनिटायझर लावलेला बिल्ड व्हॅलग्रिंडखाली चालवायचा नाही. दोघे एकत्र नांदत नाहीत, म्हणून बिल्ड वेगळे ठेवा.

'ट्रॅक-ओरिजिन्स' ऑप्शन पहिल्या फेरीत बंद ठेवा. न भरलेली किंमत कुठून आली ते तो सांगतो, पण त्यासाठी मेमचेकचा वेग साधारण निम्मा होतो आणि निदान 100 एमबी मेमरी जास्त लागते. पहिल्या फेरीत ज्या टेस्टने तक्रार केली, तेवढ्याच दुसऱ्या फेरीत तो लावून चालवा. आमच्याकडे एवढ्या एका बदलाने बरेच टाइमआउट गेले, आकड्याला हात न लावता.

आता मोजा. साध्या रनमध्ये एक सेकंदापेक्षा जास्त घेणाऱ्या आणि खरंच हिशोब करणाऱ्या दहा-पंधरा टेस्ट निवडा. प्रत्येक टेस्ट टूलशिवाय तीनदा आणि टूलखाली तीनदा चालवा आणि मधली वेळ घ्या. समजा, एक टेस्ट 4 सेकंदांची 88 सेकंदांवर गेली, म्हणजे 22 पट.

बारक्या टेस्ट मोजमापात घेऊ नका. व्हॅलग्रिंडला सुरू व्हायलाच ठरावीक वेळ लागतो, त्यामुळे 5 मिलिसेकंदांची टेस्ट 1 सेकंदावर गेली तर भागाकार 200 पट दाखवेल. त्या आकड्याला काही अर्थ नाही. उलट बाजूने, नुसतं झोपणाऱ्या किंवा नेटवर्कची वाट बघणाऱ्या टेस्ट जवळपास 1 पट दाखवतात. त्यांची सरासरी मिसळली की गुणक लहान येतो आणि नेमक्या जड टेस्ट कापल्या जातात.

जड टेस्टमधला सर्वांत मोठा प्रामाणिक आकडा घ्या आणि त्यावर दीडपट मोकळीक द्या, कारण रात्रीच्या मशीनवर तुम्ही एकटे नसता. 22 चे 33 होतात, 35 धरा.

तपासा: मोजताना मेमरी पुरते आहे ना? टूलखाली मेमरीही कितीतरी जास्त लागते. थ्रेड सॅनिटायझरला तर 5 ते 10 पट. मशीन स्वॅपमध्ये गेलं (मेमरी संपून डिस्क वापरू लागलं) की वरचे सगळे आकडे खोटे. एकाच वेळी चालणाऱ्या टेस्टची संख्या आधी निम्मी करा, मग मोजा.

टप्पा 3: सगळ्या वेळमर्यादा एका कागदावर आणा

बहुतेकांना वाटतं की टाइमआउट एक असतो. खरं तर चार थर असतात.

सर्वांत आत प्रॉडक्टच्या स्वतःच्या मर्यादा: कनेक्शनची मुदत, हार्टबीट (ठरावीक वेळाने पाठवलेली "आहे" ही खूण), पुन्हा प्रयत्न. त्याबाहेर टेस्टमधली वाट, म्हणजे "5 सेकंदांत मेसेज यायला हवा" छापाच्या ओळी. त्याबाहेर रनरची एका टेस्टची मर्यादा. मेसॉनमध्ये ती न सांगता 30 सेकंद असते, सीटेस्टमध्ये 1500 सेकंद, गोमध्ये एका पॅकेजच्या सगळ्या टेस्टना मिळून 10 मिनिटं, आणि बेझलमध्ये आकारानुसार 60, 300, 900 किंवा 3600 सेकंद. सर्वांत बाहेर सीआयच्या (बिल्ड आणि टेस्ट आपोआप चालवणाऱ्या यंत्रणेच्या) जॉबची मर्यादा. गिटलॅबमध्ये ती न बदलता 60 मिनिटं, गिटहब अ‍ॅक्शन्समध्ये 360 मिनिटं.

नियम असा: आतली मर्यादा नेहमी बाहेरच्या मर्यादेआधी संपली पाहिजे. आतल्या थराला माहीत असतं की कशाची वाट बघत होतो. "ऑर्डर क्रमांक 7 चं उत्तर आलं नाही" हे तो सांगू शकतो. बाहेरचा थर फक्त प्रोसेस मारतो. एका टेस्टमध्ये 5-5 सेकंदांच्या तीन वाटा असतील, तर रनरची मर्यादा 15 सेकंदांपेक्षा जास्तच हवी. ती 10 ठेवली असेल आणि पहिल्या दोन वाटांत 5 सेकंदांहून जास्त गेले, तर तिसऱ्या वाटेचा संदेश तुम्हाला दिसणारच नाही. पुन्हा प्रयत्न करणारा कोड असेल तर प्रयत्नांची संख्याही गुणून घ्या. हे विसरणारे खूप आहेत.

टप्पा 4: एकच गुणक, एकाच ठिकाणी

आता 35 हा आकडा कुठे लिहायचा? चाळीस फाइलींमध्ये नाही. एका एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये ठेवा. न दिल्यास किंमत 1. टेस्टच्या सामायिक कोडमध्ये वाट बघण्याची एकच फंक्शन असू द्या. ती मूळ सेकंद घेईल, गुणकाने गुणेल आणि मगच वाट बघेल. कोडमध्ये 5 दिसतील, मेमचेकखाली 175 होतील, आणि साध्या रनमध्ये 5 च राहतील.

पोस्टग्रेस या डेटाबेसच्या टेस्टमध्ये अशीच सोय आहे. वाट बघण्याची मूळ मुदत 180 सेकंद असते आणि हळू मशीनवाल्याने एक व्हेरिएबल बदललं की सगळ्या टेस्टना नवी मुदत लागू होते. सीपायथनच्या (पायथनच्या मूळ इंटरप्रिटरच्या) टेस्टमध्येही लहान, लांब, लूपबॅक (त्याच मशीनच्या आतलं नेटवर्क) आणि इंटरनेट अशा नावांच्या मुदती एका जागी आहेत. टेस्ट लिहिणारा त्यातलं नाव वापरतो, सेकंद लिहीत नाही. ही पद्धत उचलण्यासारखी आहे.

व्हॅलग्रिंडचा एक मॅक्रो प्रोग्रामला सांगतो की आपण व्हॅलग्रिंडखाली आहोत का. मुदती ठरवायला मी तो वापरत नाही. सॅनिटायझर आणि क्यूएमूला तो ओळखत नाही, आणि मंद मशीनला तर नाहीच. वातावरण ज्याने उभं केलं, त्यानेच गुणक सांगावा.

सावध: मेसॉनमध्ये 'टाइमआउट-मल्टिप्लायर' आहे, पण तो फक्त रनरची मर्यादा वाढवतो. टेस्टच्या आतले 5 सेकंद 5 च राहतात. तसंच सीटेस्टला कमांडवरून दिलेली मुदत फक्त अशा टेस्टना लागते ज्यांना स्वतःची मुदत लिहिलेली नाही. ज्यांच्यावर 'टाइमआउट' प्रॉपर्टी आहे त्या जुन्याच आकड्यावर मरतात, आणि माणूस म्हणतो ऑप्शन चालतच नाही.

टप्पा 5: ज्या टेस्टना गुणक लावायचा नाही त्या वेगळ्या काढा

इथे घाई करू नका. पूर्ण एक दिवस द्या. सरसकट गुणलं की काही टेस्ट लाल होतात आणि काही, जास्त वाईट, खोट्या हिरव्या होतात.

टाइमआउट व्हावा हीच अपेक्षा असलेल्या टेस्ट. सर्व्हर मुद्दाम गप्प बसवला आहे आणि क्लायंटने 5 सेकंदांनी हार मानली पाहिजे, अशी टेस्ट. तिथली मुदत 35 पट केलीत तर 175 सेकंद नुसते बसून राहाल. क्लायंटची मुदत लहानच ठेवा आणि "हार मानल्याचं कळेपर्यंत" ही बाहेरची वाट तेवढी गुणा.

वेगाची अट असलेल्या टेस्ट. "200 मिलिसेकंदांच्या आत झालं पाहिजे" या वाक्याला मेमचेकखाली अर्थ नाही. त्या टेस्ट तिथे वगळा, पण कारण लॉगमध्ये दिसेल असं वगळा. उलट "निदान 200 मिलिसेकंद थांबलं पाहिजे" ही अट टूलखालीही खरीच राहते, ती ठेवा.

काही घडू नये अशा टेस्ट. माझ्या मते सर्वांत धोकादायक या. "रद्द केलेल्या ऑर्डरचा मेसेज 1 सेकंदात येऊ नये." टूलखाली बग असूनही तो चुकीचा मेसेज 20 सेकंदांनी येणार असतो. टेस्ट 1 सेकंद थांबते, काही आलं नाही म्हणते आणि हिरवी होते. अशी टेस्ट टाइमआउट होत नाही, म्हणून कोणी तिच्याकडे बघतही नाही. उपाय वेळेचा नाही, क्रमाचा आहे. रद्द केलेल्या ऑर्डरच्या मागोमाग त्याच रांगेत एक खुणेची ऑर्डर पाठवा. खुणेचं उत्तर येईपर्यंत थांबा आणि मग बघा, मधे नको असलेला मेसेज आला होता का. रांग क्रम पाळत असेल तर ही टेस्ट कुठल्याही वेगावर खरं बोलते.

हार्टबीटवाल्या टेस्ट. दोन नोड एकमेकांना दर सेकंदाला "आहे" म्हणतात आणि 3 सेकंद आवाज नाही आला की समोरचा मेला असं धरतात. व्हॅलग्रिंडखाली हार्टबीटच्या थ्रेडची पाळीच वेळेवर येत नाही. मग जिवंत नोड मेलेला ठरतो, नवा प्रमुख नोड ठरवण्याची निवडणूक सुरू होते, आणि टेस्ट भलत्याच कारणाने पडते. इथे मध्यांतर आणि मुदत दोन्ही टेस्टच्या कॉन्फिगरेशनमधून गुणा. प्रॉडक्शनचा मूळ आकडा टेस्टसाठी बदलायचा नाही, कधीही. जमत असेल तर घड्याळच बदलता येईल असं ठेवा, म्हणजे टेस्ट स्वतः वेळ पुढे ढकलेल आणि खऱ्या सेकंदांशी संबंध उरणार नाही.

टप्पा 6: झोपा काढून टाका, खुणा लावा

"सर्व्हर सुरू कर, 2 सेकंद झोप, मग जोड." ही ओळ शोधा आणि काढा. टूलखाली सर्व्हर 2 सेकंदांत उभा राहत नाही. झोपेला गुणक लावला तर टेस्ट चालेल, पण प्रत्येक वेळी पूर्ण 70 सेकंद जातील, सर्व्हर 20 मध्ये तयार झाला तरी. त्याऐवजी सर्व्हरने तयार झाल्याची खूण द्यावी (पाइपवर एक बाइट किंवा लॉगमधली ठरलेली ओळ) आणि टेस्टने त्या खुणेची वाट बघावी. गुणलेली मुदत मग फक्त कमाल मर्यादा उरते.

खूण पुन्हा पुन्हा तपासत असाल तर मधलं अंतर 10 मिलिसेकंदांवरून सुरू करून हळूहळू वाढवत न्या. सतत तपासणारा थ्रेड त्या एका रुळावरची जागा खातो.

तपासा: सर्व्हर चाइल्ड प्रोसेस म्हणून सुरू होतो का? मग 'ट्रेस-चिल्ड्रन' ऑप्शन चालू आहे ना? तो नसेल तर सर्व्हर व्हॅलग्रिंडशिवाय, पूर्ण वेगात चालतो. एकही टाइमआउट येत नाही आणि एकही चूक सापडत नाही. टेस्ट शेल स्क्रिप्टमधून चालत असेल तर तुम्ही इतके दिवस शेलची मेमरी तपासत होता. ऑप्शन चालू केल्यावर लॉगच्या नावात प्रोसेस क्रमांक घाला, नाहीतर सगळ्यांचे लॉग एकमेकांत मिसळतील.

टप्पा 7: मर्यादा संपल्यावर टेस्ट कशी मारायची

टाइमआउट झालेल्या टेस्टचा लॉग रिकामा का असतो? कारण रनरने थेट 'सिगकिल' पाठवला. त्याने प्रोसेस जागेवर संपते आणि व्हॅलग्रिंडला अहवाल लिहायला वेळ मिळत नाही. 'सिगटर्म' ने प्रोसेस संपली तर व्हॅलग्रिंड स्टॅक आणि शेवटचा गोषवारा लिहून जातं. म्हणून आधी टर्म, मग काही सेकंदांची सवड, मग किल. ही सवडही टूलखाली मोठी लागते. मी 60 सेकंद ठेवते.

लिनक्सची 'टाइमआउट' कमांड न सांगता टर्मच पाठवते आणि मुदत संपल्यास 124 हा एक्झिट कोड (प्रोसेस संपताना परत देते तो आकडा) देते. किती वेळाने किल पाठवायचा तेही तिला सांगता येतं. सीटेस्टमध्ये 3.27 आवृत्तीपासून सिग्नल आणि सवड प्रॉपर्टीने ठरवता येतात.

इथेच 'एरर-एक्झिटकोड' ठरवून टाका. तो न दिल्यास व्हॅलग्रिंड चुका छापतं, पण एक्झिट कोड तुमच्या प्रोग्रामचाच ठेवतं, म्हणजे रनरच्या दृष्टीने टेस्ट पास. आकडा असा निवडा की कोणाशी गल्लत होणार नाही. 124 आणि 137 टाइमआउटचे आहेत, 77 आणि 99 ऑटोमेक आणि मेसॉनमध्ये राखीव आहेत. आम्ही 86 वापरतो.

टप्पा 8: रात्रीची रन

सगळ्या टेस्ट प्रत्येक कमिटला मेमचेकखाली चालवायचा हट्ट सोडा. दिवसा अ‍ॅड्रेस सॅनिटायझर, रात्री मेमचेक. साध्या रनचा एकूण वेळ गुणिले मोजलेला 22 (मोकळीक धरलेला 35 नाही) एवढा हिशोब जॉबच्या मर्यादेत बसतो का ते बघा. 20 मिनिटांची रन 7 तासांच्या पुढे जाते, म्हणजे 360 मिनिटांत मावत नाही. मर्यादा वाढवण्याआधी तिचे दोन-तीन भाग करा आणि भाग करताना टेस्टची संख्या सारखी न ठेवता वेळ सारखा वाटा.

पडलेली टेस्ट आपोआप पुन्हा चालवायची सोय या रनमध्ये बंद ठेवा. थ्रेडच्या शर्यतीमुळे दहात एकदा अडकणारी टेस्ट दुसऱ्या फेरीत पास होते, आणि नेमका जो बग पकडायला हे टूल लावलं तोच निसटतो.

हाताने डीबग करताना

ब्रेकपॉइंटवर माणूस थांबलेला असताना कुठलाच गुणक पुरत नाही. चहा प्यायला गेलात तरी घड्याळ चालूच असतं. तिथे, आणि फक्त तिथेच, टाइमआउट बंद करा. जेयुनिट 5 मध्ये डीबगर असताना मुदत बंद ठेवण्याचा मोड आहे, आणि पायटेस्टचं टाइमआउट प्लगिन डीबगर ओळखून गप्प बसतं. लक्षात ठेवा, जीडीबीने तुमची एक प्रोसेस थांबते, समोरच्या प्रोसेसचं घड्याळ थांबत नाही. दोन्हीकडच्या मुदती बंद करा. आणि जीडीबी किंवा एसट्रेसखाली लीक सॅनिटायझर चालत नाही, चूक देऊन बाहेर पडतो. तेवढ्यापुरती लीकची तपासणी बंद करा.

टप्पा 9: मुद्दाम अडकवून बघा

सगळं लावून झाल्यावर एक टेस्ट लिहा जी दोन म्युटेक्स (एका वेळी एकाच थ्रेडला मिळणारी कुलपं) दोन थ्रेडमध्ये उलट्या क्रमाने धरून कायमची अडकते. ती फक्त या तपासणीसाठी, वेगळ्या नावाने ठेवा. रात्रीच्याच सेटिंगने चालवा आणि चार गोष्टी बघा. टेस्टच्या आतली मुदत रनरच्या आधी संपली का? लॉगमध्ये दोन्ही थ्रेडचे स्टॅक आले का? एक्झिट कोडवरून टाइमआउट आणि मेमरीची चूक वेगळी ओळखता येते का? आणि अडकलेल्या चाइल्ड प्रोसेस मागे उरल्या नाहीत ना? शेवटचं 'पीएस' ने बघा. उरलेला सर्व्हर पोर्ट धरून बसतो आणि पुढची टेस्ट पोर्ट मिळाला नाही म्हणून पडते.

त्या मुलाने ही टेस्ट लिहिली तेव्हा पहिल्या फेरीत चाइल्ड प्रोसेस उरलीच होती. टर्म फक्त वरच्या शेलला जात होता. प्रोसेस ग्रुपला सिग्नल पाठवायची एक ओळ बदलली, पुन्हा चालवलं आणि मगच आम्ही ती रात्रीच्या यादीत टाकली. आता दर वेळी टूलची आवृत्ती किंवा सीआयचं मशीन बदललं की सर्वांत आधी तीच टेस्ट चालते, आणि टप्पा 2 मधलं मोजमाप त्यानंतर.